दोन इंच वर

सोमवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमधून भांडणाचा आवाज आला, तर ते पाण्यावरून किंवा कुत्र्यावरूनच असेल असं नाही. चिखलावरूनही असू शकतं. गाड्या पुसायला येणाऱ्या पोऱ्याने ताम्हिणीहून रात्री परतलेली थार पाहिली, त्याला तिची दया आली, आणि नेहमीच्या एका बादलीऐवजी चार बादल्या खर्चून त्याने ती लख्ख करून ठेवली. नऊ वाजता मालक खाली आले.

"चिखल कुणी धुतला?"

"मीच साहेब. लई घाण झालती."

"अरे, तो मुद्दाम ठेवला होता!"

बक्षिसाच्या आशेने उभा असलेला पोऱ्या तसाच उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला कल्पना नव्हती की तो चिखल अजून ऑफिसात जायचा होता. दाराच्या मुठीपर्यंत चढलेला, वाळून भेगाळलेला, मागच्या काचेवर वायपरने कापलेलं अर्धवर्तुळ सोडून सगळीकडे पसरलेला अस्सल मुळशी तालुक्याचा चिखल! ज्यांनी रविवारी घरी बसून फक्त पुरणपोळी खाल्ली, त्या सहकाऱ्यांसमोर तो नुसता उभा करायचा होता. ही हौस एकट्या पुण्याची नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या सुमारास एका उद्योजकाने फवारायचा बाटलीबंद चिखल विकायला काढला होता. गाव न सोडता गाडी रानातून आल्यासारखी दिसावी, एवढाच त्याचा उपयोग. तो माल आपल्याकडे आला नाही याचं कारण स्वाभिमान नसून पावसाळ्यातले आपले रस्ते असावेत. इथे तो फुकट मिळतो, आणि त्यासाठी शहराबाहेर पडण्याचीही गरज नसते.

ही गाडी मुळात कशासाठी जन्माला आली ते एकदा आठवून बघावं. १९४० साली अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांकडे एक छोटी टेहळणीची गाडी मागितली. अट घातली की वजन १३०० पौंडांच्या वर नको, म्हणजे साधारण ५९० किलो. ती कुणालाच झेपली नाही आणि पुढे सैल करावी लागली, पण मागणी स्पष्ट होती: गाडी हलकी पाहिजे. त्या खटाटोपातून विलीसची जीप आली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी ती आपल्याकडे आणली, आणि सीजे, एमएम ५४०, कमांडर, मेजर अशी वंशावळ चालत २०१० साली थारपाशी पोचली. तोवर जीप घेणारा माणूस एक तर शेतकरी, नाही तर पोलीस, नाही तर थोडासा चक्रम असे. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, तिच्यात एअरबॅगा आणि टचस्क्रीन आले, आणि चक्रमपणाला मासिक हप्त्यांची सोय झाली.

लष्कराने जे वजन उतरवायला सांगितलं होतं ते नवा मालक नेमाने परत चढवतो. पुढे स्टीलचा बंपर. बंपरात विंच. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर फावडं, फावड्याशेजारी डिझेलचा कॅन. बाणेर ते हिंजवडी या खडतर पट्ट्यात पेट्रोल पंप लागलाच नाही तर काय घ्या!

सुरुवात नेहमी टायरपासून होते. कारखान्यातून येणारे २५५/६५ आर १८ मापाचे टायर काही वाईट नसतात, पण एक मित्र बघायला येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "बाकी मस्त आहे रे, पण टायर जरा बारीक वाटतात." या मित्राकडे स्वतःची वॅगनआर असते. तरी वार वर्मी लागतो. आठवड्याभरात २८५/७० आर १७ मापाचे, डोंगर चावून खातील असे दाते असलेले मड टायर बसतात. आता ते वळणावर आतल्या प्लॅस्टिकला घासतात. म्हणून दोन इंचाचं लिफ्ट किट. गाडी वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट बिघडतं, म्हणून वेगळे कंट्रोल आर्म. जड टायर फिरवताना इंजिन आळसावतं, म्हणून रिमॅप. रिमॅप केल्यावर गाडी पळते, पण थांबताना विचार करते, म्हणून ब्रेकचं काही तरी. या सगळ्याच्या शेवटी वॉरंटीचं पुस्तक उघडलं जातं, म्हणजे ज्या वेळी ते वाचून उपयोग नसतो नेमकं त्या वेळी. मूळ तक्रार गाडीची नव्हतीच, वॅगनआरवाल्याची होती, हे तोवर कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

मड टायर डांबरी रस्त्यावर ताशी ऐंशीच्या वेगाला असे घोंगावतात की फोनवरचे लोक विचारतात, "विमानतळावर आहेस का?" ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. पण इथे मालकाच्या मदतीला गणित धावून येतं. जुन्या टायरचा व्यास ७८९ मिलिमीटर, नव्याचा ८३१. म्हणजे चाक एका फेरीत पाच टक्के जास्त अंतर कापतं आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. गाडी १०५ किलोमीटर चालते तेव्हा मीटर १०० सांगतो. झालं! "ॲव्हरेज कमी झालेलं नाहीये, मीटर कमी दाखवतोय," असं मालक डिझेलची पावती हातात धरून जो भेटेल त्याला समजावतात. पाच टक्क्यांचा हा खुलासा पंचवीस टक्क्यांच्या खड्ड्यावर पसरवायचा असतो, त्यामुळे तो जरा मोठ्या आवाजात करावा लागतो.

या दोन इंचांची खरी किंमत घरातल्या आईंना मोजावी लागते. मुळात ही गाडी चढायला उंच, त्यात वर लिफ्ट, त्यात मोठे टायर. रविवारी सारसबागेतल्या गणपतीला जायचं, आई नऊवारीत दारापाशी उभ्या, आणि पायरी छातीशी. पहिल्या खेपेला गडबडीत घरातला चौरंग आणला गेला.

"सत्यनारायणाच्या चौरंगावर पाय देऊ मी?" आईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. शिवाय चौरंगाला चार पाय असले तरी तो फोर बाय फोर नव्हता, पार्किंगच्या उतारावर डुगडुगला. मग तुळशीबागेतून निळं प्लॅस्टिकचं स्टूल आलं आणि डिकीत कायमचं राहिलं. ("बाजूला पायरी लावून घे," असं सून म्हणाली होती. पण पायरी खाली लोंबते आणि खडकाला घासते. कुठल्या खडकाला, हे तिने विचारलं नाही, कारण संसार करायचा होता.) लाखभर रुपयांच्या सामानात रोज वापरली जाणारी वस्तू कुठली म्हणाल, तर ते स्टूल.

त्या स्टुलाने पुढे एक पराक्रम केला. गाडीत मागून टकटक असा आवाज येऊ लागला. नव्या गाडीतला आवाज ही साधी गोष्ट नव्हे, माणूस रात्री उठून बसतो. मालक गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री शेजारी बसले, चक्कर मारली, आवाज गायब. मिस्त्री उतरले, टकटक सुरू. शॉक ॲब्सॉर्बरचे बुश बदलले. बॉल जॉइंट बदलले. प्रोपेलर शाफ्टला ग्रीस भरलं. "लिफ्ट केली ना शेठ, आता हे चालायचंच," असं म्हणत मिस्त्रींनी एकेक भाग खोलून पुन्हा बसवला. शेवटी कंटाळून ते स्वतः डिकीत आडवे झाले आणि मालकांना गाडी खड्ड्यातून न्यायला सांगितली. तिसऱ्या खड्ड्याला आतून आवाज आला, "शेठ, थांबा! स्टूल वाजतंय!" जॅकच्या दांड्यावर आपटत होतं. बिल मात्र बुशचंच लागलं.

मॉलचा प्रसंग याहून करुण आहे. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी साखळ्यांना टांगलेला एक पिवळा-काळा दांडा असतो आणि त्यावर 'उंची २.१ मीटर' लिहिलेलं असतं. ज्या गाडीची ख्याती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याबद्दल आहे, तिला अडवायला हा दांडा पुरतो. थारची मूळची उंची साधारण १८५० मिलिमीटर. त्यात लिफ्टचे ५०, टायरचे २०, वर कॅरिअर आणि त्याच्या कपाळावर दिव्यांची पट्टी मिळून दोनशे. बेरीज २१२०. दोन सेंटिमीटरसाठी गाडी अडलेली, मागे सात गाड्यांचे हॉर्न, आणि वॉचमन सांगतोय, "साहेब, वरचं काढून या." ते वरचं बसवायला गॅरेजमध्ये अर्धा दिवस गेला होता हे त्याला कोण सांगणार?

पण मालकांनी वाळूत गाडी चालवायचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं. मऊ वाळूत टायरची हवा कमी करतात, बत्तीसवरून अठरा पीएसआयवर आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पसरतो तसा तो बसतोही, हे मालकांना त्या क्षणी सुचलं. ते उतरले, खिशातून पितळी डिफ्लेटर काढला (तो खिशातच असतो) आणि हॉर्नच्या गजरात चारही चाकांची हवा सोडली. गाडी बसली. दांड्याला निसटता स्पर्श करून आत गेली. वॉचमनने सलाम ठोकला, बायकोने ओढणीत तोंड लपवलं. खरेदी झाली. निघण्यापूर्वी मालकांनी शिस्तीप्रमाणे कंप्रेसर लावून चारही टायर पुन्हा बत्तीसवर आणले, कारण कमी हवेत रस्त्यावर गाडी चालवणं धोक्याचं असतं.

बाहेर जायच्या वाटेवरही एक दांडा होता.

गाडीला जे लावतात त्याची चर्चा सगळे करतात. गाडीचं जे काढतात ते कुठे जातं, याची चर्चा फक्त घरात होते. ते बाल्कनीत जातं. कारखान्याचा मूळ बंपर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून तुळशीच्या कुंडीमागे उभा असतो. मूळ टायर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या. मूळ स्प्रिंग पलंगाखाली. पाहुणे विचारतात, "ॲक्सिडेंट झाला का हो?" हे सगळं टाकून का देत नाहीत, तर दोन कारणं. विकायच्या वेळी गिऱ्हाईक म्हणतं, "कंपनीतून आली तशी करून द्या, मग बोलू." आणि दुसरं कारण म्हणजे कायदा.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कारखानदाराने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी फटकून गाडीत फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितली होती, कारण ते पायी चालणाऱ्याला घातक, आणि त्यांच्यामुळे एअरबॅगाही वेळेवर उघडतील याचा भरवसा नाही. म्हणजे जीव वाचवायला माणूस जो लोखंडी गार्ड लावतो तो जीव वाचवणाऱ्या पिशवीच्याच आड येतो. हे सगळं मालकांना तोंडपाठ असतं. पुढच्या चौकात पोलीस दिसला की ते गल्लीत वळतात, आणि गल्लीत वळताना म्हणतात, "शॉर्टकट आहे."

स्नॉर्केलबद्दल थोडक्यात. हवा टपाच्या उंचीवरून इंजिनात घेणारं हे नळकांडं, खोल पाण्यात इंजिनाच्या नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून. आपल्याकडे पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा ते कारखान्यातूनच घेऊन येते. बाकीचे बोनेटच्या बाजूला भोक पाडून बसवतात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सव्वीस जुलै विसरलात का?" २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा त्यांना पाठ असतो. नळकांडं इंजिनाला वाचवतं, सीटवर बसलेल्यांना नाही. छातीइतक्या पाण्यात इंजिन सुरू राहिलं तरी माणसं बसणार कुठे, टपावर? टपावर फावडं आहे.

देखभालीचे सोहळेही कमी नसतात. पाण्यातून गाडी काढली की डिफरेंशियलचं तेल तपासायचं, ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं असं समजायचं. हे खरं आहे आणि करायलाच हवं. फक्त मालक हे सोसायटीतल्या स्पीडब्रेकरपाशी साचलेल्या पाण्यातून गेल्यावरही करतात. दुसरा नेम म्हणजे अधूनमधून फोर व्हील ड्राइव्ह लावून थोडं चालवायचं, म्हणजे आतले गिअर, साखळ्या, तेल जागेवर राहतं. पण या प्रकारच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे डिफरेंशियल नसतो. वळताना पुढची चाकं जास्त फिरतात, मागची कमी, आणि कोरड्या सिमेंटवर घसरायला जागा न मिळाल्यामुळे सगळा ताण गिअरमध्ये अडकतो. गाडी कण्हते, अडखळते. म्हणजे हा नेम पाळायला माती हवी. सोसायटीत माती फक्त बागेत, आणि बाग ज्येष्ठ नागरिक संघाच्या ताब्यात. तेव्हा मालकांनी शेजारच्या बांधकामावरचा वाळूचा ढीग हेरला आणि पहाटे सहाला, कुणी नाही असं बघून, फोर लो टाकून तो सर केला. वर पोचले, हात वर करून फोटो काढला, आणि खाली बघतात तो कंत्राटदार उभा.

"उतरा खाली. आणि ती वाळू परत होती तशी करून द्या."

फावड्याचा हा एकमेव नोंदलेला वापर.

एवढी तयारी झाली की समुद्र बोलावतो. किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी असते, पाटीही असते, आणि पाटीशेजारीच चाकोऱ्या असतात. २०२४ च्या जूनमध्ये कच्छमधल्या मुंद्र्याला दोन थार पाण्यात अडकल्या, रील काढता काढता भरती आली. मालकांवर गुन्हाही नोंदवला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तर फेरारी रुतली आणि ती बैलगाडीला दोर बांधून बाहेर काढली. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं, बैल मात्र त्यात कॅमेऱ्याकडे बघतही नव्हते. विंचवाल्यांनी हे पाहून हसायचं कारण नाही. विंचला ओढायला समोर काही तरी घट्ट उभं लागतं. किनाऱ्यावर सुरूची झाडं असतात, पण दोर तीस मीटरच्या आत संपतो आणि सुरू शंभर मीटरवर असतात. मग ट्रॅक्टरवाला येतो, सिगारेट संपवतो, भरतीच्या पाण्याकडे एकदा बघून भाव सांगतो. पाणी जसजसं चढतं तसतसा भावही. टोचन लावून गाडी बाहेर आली की तो पुढे बसवलेल्या विंचकडे बोट दाखवून विचारतो, "हे कशाला असतं?"

खरे चिखलवाले वेगळे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, मूळ स्पर्धा मलेशियाची. तिथे बघावं तर पत्रा चेपलेल्या जिप्सी आणि पिंजरा ठोकलेल्या जुन्या जीपा. रंग कुठला हे ओळखू येत नाही, आणि मालकाला त्याची लाजही वाटत नाही. त्याहून खरे म्हणजे सातारा-सांगलीकडचे वडापवाले. कमांडरमध्ये आत दहा-बारा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्या आणि खताची पोती, ड्रायव्हर अर्धा बाहेर. पाटे चेपून उलटे झालेले, टायर इतके गुळगुळीत की नक्षी होती की नाही याबद्दल वाद. ओढ्यातून, डोंगरातून, नांगरलेल्या शेताच्या कडेने, अशी गाडी वेळेवर बाजाराला पोचायची. अशाच एका निवृत्त वडापवाल्याला मालकांनी कौतुकाने आपली गाडी दाखवली. विंच, लॉकर, स्नॉर्केल, दिवे, सगळं. त्याने आत डोकावून पाहिलं.

"शिटा किती?"

"चार."

"मंग परवडत न्हाई," तो म्हणाला आणि निघून गेला.

शेवटी लडाख. ज्यासाठी हा सगळा अट्टहास होता ती सहल एकदाची ठरली. निघायच्या आठवड्यात लिफ्ट किटचं काम निघालं, भाग दिल्लीहून यायचा होता, आणि मुलांच्या सुट्ट्या संपत होत्या. घरच्यांनी विमानाची तिकिटं काढली. लेहला उतरल्यावर टॅक्सी मिळाली ती एक दमलेली मारुती इको. फक्त मागच्या चाकांवर चालणारी, टपावर फावडं नाही, दारावर चिखल मात्र अव्वल. साडेसतरा हजार फुटांवरच्या खारदुंगला खिंडीत ती एका हाताने चालवत, दुसऱ्या हाताने जर्दाळू खात ड्रायव्हरने सगळ्यांना नेलं. आई न चढता-उतरता, स्टुलाशिवाय, सरळ आत बसल्या आणि म्हणाल्या, "अशी घ्यायची होतीस रे."

मालकांचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटखाली त्यांना लोखंडी साखळ्या दिसल्या होत्या.

"ये क्या है?"

"चेन, सर. बर्फ में टायर पे लगाते हैं."

"कितने में मिलती है?"

"अरे, पुण्यात बर्फ कुठे पडतो?" बायकोने विचारलं.

"हिंजवडीत मागे गारा पडल्या होत्या," मालक म्हणाले, आणि त्यांनी टायरचं माप सांगायला सुरुवात केली.